चौसष्ट नावांची हजेरी

आमच्या बारावी सायन्सच्या वर्गात चौसष्ट मुलं होती आणि जीवशास्त्राच्या तासाला बाकावर मी एकटी असायचे. सर तरीही चौसष्ट नावं घ्यायचे. नंबर नाही, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. प्रत्येक नावानंतर मान वर करून रिकाम्या बाकांकडे बघायचे, एक श्वास थांबायचे, मग वहीत खूण करून पुढचं नाव. माझं नाव एकोणिसावं होतं. मी "हजर सर" म्हणायचे. मग पुन्हा पंचेचाळीस नावं.

पहिल्यांदा मला वाटलं होतं, सरांना नीट दिसत नसेल.

बाकीची मुलं कुठं असायची ते सगळ्यांना माहीत होतं. कोणी सांगलीला, कोणी पुण्याला, क्लासच्या होस्टेलवर. डॉक्टर व्हायची परीक्षा देणारी मुलं हल्ली तिकडेच शिकतात. पण बोर्डाला बसायला कॉलेज लागतं, म्हणून नाव आमच्या कॉलेजात. ती फक्त प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला यायची. अकरावीत आम्ही तिघं तरी वर्गात असायचो. बारावीत एक मुलगा क्लासला गेला, एका मुलीने सायन्स सोडलं. मला क्लास झेपणारा नव्हता. कॉलेजच्या तासांशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हणून मी रोज जायचे.

सरांबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. मी आता मिरजेला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नीटचे मार्क मेडिकलला कमी पडले, हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना कोणी शेवटाला वेगळी अपेक्षा ठेवणार नाही. होस्टेलवर मैत्रिणी आपापल्या क्लासच्या सरांचे किस्से सांगतात. मी गप्प बसते, कारण माझ्या सरांचा किस्सा सांगायला लागलं की त्या म्हणतात, असं कोणी असतं का.

सर रहिमतपूरहून एसटीने यायचे. बुटके, मान थोडी पुढे काढून चालणारे, हातात कापडी पिशवी. पिशवीत हजेरीची वही, ती पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत. खिशात एक छोटी डायरी होती. तिच्यात ते स्वतःच्या नाडीचे ठोके लिहायचे. एकदा मला दाखवली. "सकाळी उठल्यावर अडुसष्ट. गाडी चुकली, एकशे चार. प्राचार्यांची बैठक, शहाण्णव. बैठक रद्द झाली, अडुसष्ट." कशासाठी लिहिता असं विचारलं तर म्हणाले, "मग कोणाचे लिहू? दुसऱ्याचा हात किती वेळ धरून बसणार?"

त्यांच्या वर्गात "समजलं" हा शब्द चालायचा नाही. "समजलं म्हणू नकोस. समजलं असेल तर सांग." आणि सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "तुला कसं माहीत?"

हृदयाला चार कप्पे असतात. तुला कसं माहीत? पुस्तकात आहे सर. पुस्तकाला कसं माहीत?

ते स्वतः शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. पण हृदयाचा धडा आला की सकाळी रहिमतपुरात मटणाच्या दुकानात जाऊन उभे राहायचे. दुकानदार ओळखीचा झाला होता. "सर, नुसतं दिलच? अर्धा किलो मटण बांधू का संगं?" असं तो दर वर्षी विचारायचा आणि सर दर वर्षी गंभीरपणे "नको" म्हणायचे. मग ते हृदय स्टीलच्या डब्यात घालून, डबा मांडीवर ठेवून एसटीत बसायचे. शेजारच्या बाईने "काय भाजी आणलीय गुरुजी?" विचारलं की खरं सांगायचे. पुढच्या थांब्यापासून त्यांच्या शेजारची सीट रिकामी.

त्या दिवशी त्यांनी माझं बोट धरून बोकडाच्या हृदयातल्या मोठ्या नळीत घातलं. आत गार, गुळगुळीत. पुढे गेल्यावर बोटाला पातळ पडद्यासारखं काहीतरी अडलं. "ही झडप. आता तुला कसं माहीत ते कोणी विचारलं, तर काय सांगशील?" मी म्हटलं, "बोटाला लागली." सर इतके खूश झाले की त्यांनी डायरी काढून नाडी मोजली.

मला दहावीपर्यंत सगळं मराठीतून. अकरावीला पुस्तक इंग्रजी. पहिले सहा महिने मी घरी जाऊन नुसती रडायचे. घरात विचारायला कोणी नव्हतं. आमचं गाव पूर्वेकडं, दुष्काळी पट्ट्यात. आमच्याकडे मेंढरं. मोठा भाऊ दहावी करून फौजेत गेला. कॉलेजात गेलेली मीच पहिली. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सायन्स म्हणजे काय ते माहीत नव्हतं. कोणी विचारलं तर ते सांगायचे, "पोरगी डाक्टरच्या लायनीत हाय." लायनीत हा शब्द त्यांनी बरोबर वापरला होता. लाईन लांब होती आणि मी पार शेवटी उभी होते.

दिवाळीनंतर आमची मेंढरं दर वर्षी खाली कृष्णाकाठाकडे जातात. तिकडे ऊस, ओलं रान. शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात. आबा, आई आणि चुलते मिळून जातात, मी गावी आजीजवळ राहून कॉलेज करायचे. पण बारावीच्या वर्षी दिवाळीतच आईचं मिरजेला पिशवीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने वजन उचलू नका सांगितलं. ती मावशीकडे मिरजेला राहिली. चुलत्यांचं त्या वर्षी बिऱ्हाड वेगळं झालेलं. आबा एकटे, सव्वाशे मेंढरं आणि कोकरं व्हायचा हंगाम.

आबा मला चल म्हणाले नाहीत. नुसते दोरखंड गोळा करत बसले. मीच म्हटलं, "मी येते." मी सरांना सांगायला गेले, तर त्यांनी विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "दोन महिने लागतील." ते म्हणाले, "गैरहजेरी लागेल." बस, एवढंच. मला वाईट वाटलं. मला वाटलं होतं, ते निदान थांब म्हणतील.

आता हजेरीचं सांगायला पाहिजे, कारण सगळं त्यावरच अडलं. बोर्डाच्या परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते, प्रत्येक विषयात. हॉलतिकीट मिळायच्या आधी कॉलेज यादी पाठवतं, आणि ज्यांची हजेरी कमी त्यांची नावं वेगळ्या कागदावर. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे शिक्षक वर्षाच्या शेवटी एकदाच बसून सगळ्यांना हजर करून टाकायचे. म्हणजे मी कोरेगावच्या रानात मेंढरांमागे होते तेव्हा फिजिक्सच्या वहीत वर्गात हजर होते. फक्त जीवशास्त्राच्या वहीत खरं लिहिलेलं असायचं. चौसष्टपैकी त्रेसष्ट जण वर्षभर गैरहजर, आणि मी दिवाळीपासून.

दर वर्षी सरांच्या वहीनंतर ऑफिसचं काम सुरू व्हायचं. ऑफिसातले भाऊसाहेब कॉम्प्युटरवर ती भरताना सगळं दुरुस्त करायचे, कारण पालकांचे फोन यायचे, क्लासवाल्यांचे फोन यायचे. त्या वर्षीही आले. त्रेसष्ट जण हजर झाले. माझ्यासाठी फोन करणारं कोणी नव्हतं. भाऊसाहेबांनी वही होती तशी भरली. वेगळ्या कागदावर एकच नाव आलं, माझं.

हे मला नंतर भाऊसाहेबांनीच सांगितलं. सरांना तो कागद सहीसाठी दाखवला तेव्हा ते खुर्चीत बसले. भाऊसाहेब म्हणाले, "सर, एका पोरीचा प्रश्न हाय. पेन फिरवा की. बाकीच्यांचं मी फिरवलंय, तुमाला काय आक्षेप होता?"

सर म्हणाले, "बाकीच्यांचं मी फिरवलेलं नाही."

"मग हिचं नुकसान करणार?"

"नाही," सर म्हणाले. "किती तास कमी पडतात ते सांगा."

बारावीचे नेहमीचे तास तोवर संपले होते. भाऊसाहेबांनी हिशोब केला. वर्ग अजून सतरा तास भरला आणि त्या सतराही तासांना ती हजर असली, तर पंचाहत्तर होतात. सर तसेच प्राचार्यांकडे गेले. जादा तास घेतो म्हणाले. प्राचार्य म्हणाले, मुलगी गावात नाही, जादा तास घेणार कुठं? सर म्हणाले, "ती आहे तिथं. विद्यार्थी आहे, शिक्षक आहे, हजेरी होणार. वर्ग भरायला आणखी काय लागतं?" प्राचार्य म्हणाले, "यादी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पाच वाजता जाईल. तोवर काय बसवायचं ते बसवा."

पुढच्या रविवारी दहाच्या सुमाराला आमचा कुत्रा भुंकायला लागला. बघते तर उसाच्या बांधावरून सर येत होते. एका हातात कापडी पिशवी, काखेत गुंडाळलेला तक्ता, चपला चिखलाने भरलेल्या. आम्ही कुठं आहोत ते त्यांनी दोन गावांत विचारत काढलं होतं. "मेंढरं कुठं बसलीत?" असं विचारलं की शेतकरी म्हणत, "कुणाची? खत पायजे का तुमाला?" सर म्हणत, "नाही, विद्यार्थिनी पाहिजे."

आबा गडबडले. त्यांनी घोंगडी झटकून अंथरली. "आवं सर, पोरीनं काय केलं?"

"काही नाही. तास आहे."

सरांनी तक्ता बाभळीला टांगला, घोंगडीवर मांडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढली आणि हजेरी सुरू केली. पहिलं नाव. मान वर. समोर मेंढरं. एक श्वास. दुसरं नाव.

मी एकोणिसाव्या नावाला "हजर सर" म्हटलं.

एका रविवारी चार तास. प्रत्येक तासाला नवी हजेरी, कारण सरांच्या म्हणण्याप्रमाणे मधल्या सुट्टीत कोणी येऊही शकतं. मी मध्ये उठून मेंढरं वळवून यायचे, तेवढा वेळ सर घड्याळ थांबवायचे आणि नंतर भरून काढायचे. आम्ही खाली सरकत गेलो, कोरेगावहून कराडच्या बाजूला, मग वाळव्याकडं. सर दर रविवारी नव्या गावात उतरून आम्हाला शोधून काढायचे. तिसऱ्या रविवारपर्यंत आबांना नावं पाठ झाली होती. हातातलं काम सोडून ते ऐकत बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "त्यो आठ नंबरचा आजबी आला न्हाई व्हय? लयच खाडे करतोय गडी. त्येच्या बापाला कळवा की सर."

सर म्हणाले, "बापाला माहीत आहे."

"आन तरी?"

"तरी."

आबांनी मान हलवली. त्यांना आठ नंबरची खरोखर काळजी वाटत होती.

तिसऱ्याच रविवारी दुपारी शेवटचा तास सुरू व्हायचा होता आणि एक मेंढी अडली. सकाळपासून ती कळा देत होती, आता नुसती आडवी पडून मान टाकत होती. आबांचा हात मोठा, तो आत जात नाही. अशा वेळी आई करायची. मी हात कोपरापर्यंत धुतले, तेल लावलं आणि बसले. सर हातात वही धरून उभे होते. त्यांनी हजेरी सुरू केली नव्हती.

मी आत हात घातला. डोकं लागलं, एक पाय लागला. दुसरा नव्हता.

"एक पाय मागं दुमडलाय," मी आबांना म्हटलं. "आधी डोकं मागं सारावं लागंल."

माझ्या पाठीमागून सरांनी हळू विचारलं, "तुला कसं माहीत?"

"हाताला लागतंय, सर."

मी डोकं मागं सारलं, गुडघा शोधला, खूर मुठीत झाकून पाय पुढे आणला. मेंढीने जोर दिला तेव्हा हळूहळू ओढलं. कोकरू बाहेर आलं तेव्हा हलत नव्हतं. मी त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, मागचे पाय धरून लोंबतं केलं, गवताच्या काडीने नाकपुडी खाजवली. ते शिंकलं. मेंढी चाटायला लागली.

सर खाली पोत्यावर बसले होते. म्हणाले, "मी एकतीस वर्षं हा धडा शिकवतोय."

आबांनी विचारलं, "आन हे कवा बगितलं न्हाई?"

"नाही."

"मंग पोरांस्नी काय शिकवलं?"

"पुस्तकात होतं ते."

आबांना बोलून गेल्यावर वाईट वाटलं. त्यांनी चुलीवर चहा टाकला, सरांना पितळीत ओतून दिला. म्हणाले, "तसं आमालाबी पुस्तकातलं काय येत न्हाई." सर चहा पीत कोकराकडे बघत राहिले. ते उठायचा प्रयत्न करत होतं आणि पडत होतं. तोवर सूर्य कलला आणि शेवटच्या गाडीची वेळ झाली. चौथा तास राहिला.

मी भीतभीत म्हटलं, "सर, हे प्रॅक्टिकल धरता येईल का?"

सरांनी खरंच विचार केला. मला दिसत होतं, त्यांना धरावंसं वाटत होतं. मग म्हणाले, "नाही धरता येणार. या तासाला शिकवलंस तू. वहीवर शिक्षक म्हणून माझी सही असते."

आबा हसले. मला हसू आलं नाही. सतरामधले अकरा तास झाले होते, बारा व्हायला हवे होते.

चौथ्या रविवारी अजून चार झाले. पुढच्या रविवारी यादी गेलेली असणार होती. राहिलेल्या दोन तासांसाठी सरांनी बुधवारी रजा टाकली आणि आले, पण त्यांची एसटी मधेच बंद पडली. जेमतेम एक तास झाला. एक राहिला. आई त्या आठवड्यात बरी होऊन आबांकडे यायची होती. ठरलं की शनिवारी ती पोचली की मी निघायचं, चारच्या आत कॉलेजात, शेवटचा तास, मग ऑफिस.

शनिवारी आई वेळेवर आली. माझी गाडी नाही पोचली. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, एक ट्रॉली रस्त्यात कलंडलेली. मी एसटीच्या खिडकीतून रांग बघत होते आणि मोबाईलवर वेळ. तालुक्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. स्टँडपासून कॉलेज चालत दहा मिनिटं.

सर स्टँडवरच उभे होते. मी पळत गेले. "सर, चला."

"कॉलेजात जाण्यात दहा मिनिटं जातील," ते म्हणाले. "इथंच बस." त्यांनी फलाटावरच्या बाकावरचं कोणाचं तरी गाठोडं विचारून बाजूला ठेवलं आणि वही उघडली. पहिलं नाव. शेजारी बसलेल्या म्हातारीने मान वळवून पाहिलं. दुसरं नाव. एसटी लागल्याची घोषणा झाली तर ती संपेपर्यंत थांबले, म्हणजे कोणी ओ दिली तर ऐकू यावी.

मग किडनी शिकवली. गाळणी, नळ्या, कुठं पाणी परत घेतलं जातं. मला काही ऐकू येत नव्हतं. मी समोरच्या घड्याळाकडे बघत होते. पावणेपाच झाले. मी म्हटलं, "सर, एवढ्यात थांबूया का? दहाच मिनिटं राहिलीत."

"नळीच्या दुसऱ्या भागात काय होतं?"

"सर, ऑफिस बंद होईल."

"नळीच्या दुसऱ्या भागात काय होतं, ते सांग."

मला त्यांचा इतका राग आला की आजही लिहिताना लाज वाटते. माझं वर्ष, आबांची लाईन, ते चार रविवार, सगळं या माणसाच्या दहा मिनिटांवर टांगलं होतं आणि हे मला नळी विचारत होते. मी रडत रडत सांगितलं. त्यांनी अर्धवट उत्तर चालवून घेतलं नाही. राहिलेलं पुन्हा समजावलं. चार पंचावन्नला वही मिटली आणि म्हणाले, "आता पळ. मी मागून येतो." पण तेही पळालेच. त्यांना पळताना मी पहिल्यांदा बघितलं.

ऑफिसला कुलूप होतं. भाऊसाहेब पायरीवर बसले होते, पिशवी मांडीवर, किल्ली हातात. पाच वाजून तीन मिनिटं झाली होती. आम्हाला बघून ते उठले, काही न बोलता कुलूप काढलं, कॉम्प्युटर सुरू केला. यादी अजून गेली नव्हती.

"सर," ते सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "दहा मिनिटं आधी सोडलं असतं पोरीला, तर काय बिघडलं असतं?"

सरांना दम लागला होता. ते म्हणाले, "दहा मिनिटं आधी ती पंचाहत्तर टक्क्यांत बसत नव्हती."

भाऊसाहेबांनी वही पुढे ओढली आणि माझ्या नावापुढच्या खुणा बोट ठेवून मोजायला लागले. एकदा मोजून झाल्या. त्यांनी त्या पुन्हा मोजल्या. मग टेबलावरचा तो वेगळा कागद उचलला. त्यावरचं माझं नाव खोडायला त्यांनी पेन काढलं, पण कागदावर दुसरं नावच नव्हतं. म्हणून त्यांनी त्याचा चोळामोळा केला आणि टोपलीत टाकला.